तिकडची रतन

"अळादै रासा," आप्पासाहेब म्हणाले, "अम्मा इंजदान निक्किरा." आणि रांगेत त्यांच्या मागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला, रतनला, क्षणभर वाटलं की हा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. भिंगारच्या लष्करी कॅन्टीनमध्ये महिन्याच्या सुरुवातीला पेन्शनवाल्यांची जत्रा भरते, तशी ती भरली होती. पुढे एक काळीसावळी, हसऱ्या तोंडाची पोरगी होती, कुणातरी मद्रासकडच्या जवानाची बायको. ती खालच्या फळीवरचा तेलाचा डबा घ्यायला वाकली आणि आई दिसेनाशी झाली म्हणून तिच्या पोरानं भोकाड पसरलं. एवढंच झालं होतं. पण आप्पासाहेबांनी, ज्यांनी स्वतःच्या पोराला, हर्षलला, कधी कडेवर घेतल्याचं रतनला आठवत नव्हतं, ते पोर उचललं, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि ते शब्द बोलले. पोर गप्प झालं. त्याची आई वळून बघायला लागली, मग हसली आणि भराभरा काहीतरी बोलली; त्यावर आप्पासाहेबही बोलले, एक वाक्य, दोन वाक्यं, मान जरा वाकडी करून, डोळे बारीक करून. पोरगी रतनकडे वळून हिंदीत म्हणाली, "आंटी, अंकल ने बोला, रो मत राजा, अम्मा इधर ही खड़ी है. अंकल तो सिलोनवाला तमिळ बोलते हैं! हमारे उधर ऐसा नहीं बोलते." रतन हसली. आपल्याला हे सगळं माहीतच आहे, असं हसली. त्याचं तिलाच नवल वाटलं. तेवढ्यात आप्पासाहेबांनी पोर खाली ठेवलं आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात तिला विचारलं, "कपड्याचा साबन घेतला का?"

घरी येताना स्कूटरवर दोघांच्या मध्ये सामानाची पिशवी होती आणि रतन तिच्यावर हनुवटी टेकवून नवऱ्याच्या मानेकडे बघत होती. मान तीच होती. पिकलेले केस, कडेनं नीट कातरलेले. फौज सोडून इतकी वर्षं झाली तरी न्हाव्याला दम देऊन कातरून घेतलेले. त्या मानेच्या आत एक अख्खी भाषा बसली होती आणि तिचा तिला पत्ता नव्हता. माणूस भाषा कशी लपवतो? दारूची बाटली लपवतात, विडीकाडी लपवतात, भाषा ठेवायची कुठे? आणि भाषेचं एवढं नव्हतंच. लंकेत दोन वर्षं काढली म्हटल्यावर चार शब्द कानावर पडणार, जिभेवर बसणार, त्यात काय. तिला बोचत होता तो आवाज. खालचा, ओला, घाई नसलेला आवाज. हा आवाज तिनं संसारात एकदाही ऐकला नव्हता, पोरं तापानं फणफणली तेव्हाही नाही, सासूला उचलून नेलं तेव्हाही नाही, आणि खोलीचं दार लावल्यावर तर नाहीच नाही. स्कूटर चांदणी चौकात सिग्नलला थांबली. आप्पासाहेब समोर बघत होते. "अहो," ती म्हणाली. "काय?" ते म्हणाले. "काय न्हाई," ती म्हणाली.

ती मिरजगावला नांदायला आली त्या उन्हाळ्यात आप्पासाहेब रजेवर आले होते. वैशाखात लग्न झालं, पाहुणेरावळे जाईपर्यंत रजा संपली आणि दिवाळीच्या आधीच पलटण बोटीत बसून लंकेला गेली. तिथे तिथलीच माणसं तिथल्याच माणसांना मारत होती, तमिळ आणि सिंहली, आणि आपली पलटण मध्ये पडून शांतता करणार होती. असं पारावर बसून रेडिओ ऐकणाऱ्यांनी सांगितलं. पुढे रेडिओवर शांततेचं नाव ऐकू येईना आणि मेलेल्यांचे आकडे ऐकू यायला लागले. दोन वर्षांनी आप्पासाहेब आले ते एक टेपरेकॉर्डर, एक साडी आणि मुकं तोंड घेऊन. टेपरेकॉर्डर बघायला आख्खी आळी लोटली. साडी बघायला बायका आल्या. तोंड मुकं झालंय हे बघायला कुणाला सवड नव्हती. सासूच्या, साळूबाईच्या, ते ध्यानात आलं आणि तिनं रतनला चुलीपाशी बसवून सांगितलं, "लढाईवरनं आल्याला मानूस हाय बाये. उकलाया जाऊ नको. आपसूक बोलंल तवा बोलंल." रतननं ते मानलं. ती तेव्हा विशीचीही नव्हती, पण मानायची कामं तिला चांगली जमायची. उकलायचं नाही म्हणजे नाही. पोरं झाली, नोकरी संपली, शेताचा वाटा धाकट्या भावाला देऊन भिंगारला दोन खोल्या आणि वर एक अशी जागा बांधली, पोरगी दिशा नाशिकला दिली, हर्षल पुण्याला गेला, सासू गेली. आणि आपसूक बोलायची वेळ यायची राहूनच गेली. पण या सगळ्याला तिच्या मनात एक पाया होता. हा माणूस बोलत नाही, कारण याला बोलता येत नाही. युद्धानं याचं काहीतरी मोडलंय. मोडलेल्या माणसाशी आपण निभावून नेलं, असा तिला एक छुपा अभिमानही होता. शेजारणी नवऱ्यांच्या कागाळ्या सांगायच्या तेव्हा ती मनात म्हणायची, तुमच्यापेक्षा माझं अवघड, आणि मी एकदाही बोलून दाखवलं नाही. आता त्या पायाखालून कुणीतरी एक दगड काढून घेतला होता. काही मोडलेलं नव्हतं. आवाज धडधाकट होता. तो फक्त तिच्यासाठी नव्हता.

घरी आल्यावर तिनं साबण कपाटात ठेवले, तेल फडताळात ठेवलं, चहापत्तीच्या जागी डाळ ठेवली, मग पुन्हा काढून नीट ठेवली. आप्पासाहेब गच्चीवर गेले. ते रोज दुपारी गच्चीवर जात, तिथल्या कुंड्यांना पाणी घालत आणि खुर्ची टाकून बसत. काय करत बसत, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. म्हातारी माणसं बसतात तसे बसत असतील. आज तिला त्या खुर्चीचाही संशय आला. तिथे बसून मनातल्या मनात त्या भाषेत बोलत असतील तर? तिनं मेथीची जुडी पुढ्यात घेतली आणि निवडायला बसली, पण काड्या पातेल्यात आणि पानं कागदावर पडायला लागली तशी उठली. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं एवढं पेटून उठावं असं यात काय आहे, असं तिनं स्वतःला दटावून बघितलं. असेल तिथे कुणी बाई. असतात. फौजेतल्या माणसांच्या असतात, तिला काय कळत नव्हतं? राहात्याचा मच्छिंद्र, आप्पासाहेबांच्या पलटणीतला दोस्त, तर चार घोट पोटात गेले की बायकोसमोरच पठाणकोटच्या कुठल्या बाईच्या गोष्टी सांगायचा आणि बायको त्याला भाकरी वाढत हसायची. शरीराचं काही झालं असेल तर त्याचं तिला आता काही वाटलं नसतं. खरंच नसतं वाटलं. शरीर तिच्या वाट्याला आलं होतं. पण तो आवाज आला नव्हता. तो कुणीतरी दुसरीनंच वापरून संपवला होता आणि तिच्याकडे पाठवताना "साबन घेतला का" एवढाच उरला होता. याचा राग कुणावर काढायचा हेच तिला कळेना. म्हणून तिनं कपाट उघडलं.

लंकेची साडी खालच्या खणात होती. जपानी कापड, धुतलं तरी चुरगळत नाही, रंग जात नाही, कसर लागत नाही. हिला मरण नाही, असं सासू म्हणायची. फिकट पिवळा रंग, त्यावर बारीक जांभळी फुलं. रतननं ती सणावाराला नेसली, हर्षलच्या बारशाला नेसली, नवऱ्यानं समुद्र ओलांडून आणली म्हणून कौतुकानं नेसली, आणि प्रत्येक वेळी आरशात बघितल्यावर तिला वाटलं होतं की ही साडी आपल्याला शोभत नाही. तिचा रंग रापलेला, अंगपिंड थोराड. हा रंग हवा एखाद्या नाजूक, उजळ बाईला. तेव्हा तिनं मनाची समजूत घातली होती की पुरुषमाणसाला काय कळतंय. पण आज ती साडी मांडीवर घेऊन बसली आणि तिला लख्ख दिसलं, की हा माणूस बाजारातून वांगी आणतो तीसुद्धा किडकी आणतो. यानं ही साडी निवडली नाही. ही बाईनं निवडलीय. एका बाईनं, हात लावून, पदर उलगडून, उजेडात धरून. इतकी वर्षं ती त्या बाईच्या पसंतीची साडी नेसून आपल्या घरात आरती ओवाळत होती. तिनं साडी होती तशी खणात कोंबली, घडी न घालता, आणि जिना चढून गच्चीवर गेली.

आप्पासाहेब खुर्चीत बसले होते. ऊन उतरायला लागलं होतं. ती कठड्याला टेकून उभी राहिली, दम घेतला आणि मग सासूनं सांगितलेलं, आयुष्यभर पाळलेलं, तिनं मोडलं.

"कोन हुती?"

आप्पासाहेबांनी वर बघितलं. कोण, कुठली, कशाबद्दल बोलतेस, असलं काही ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं तिला मागाहून वाटलं.

"तवमणी," ते म्हणाले.

नाव इतकं तयार होतं. जणू सकाळीच कुणी त्यांना विचारून गेलं होतं. रतननं कठडा धरला. आप्पासाहेब उठले, दुसरी खुर्ची ओढून त्यांनी तिच्यापुढे ठेवली, पण ती बसली नाही. मग तेही उभेच राहिले आणि कुंडीतल्या तुळशीकडे बघत, थांबत थांबत, जसं एखादं जड सामान जिन्यानं खाली आणावं तसं बोलायला लागले.

"आमचं ठानं एका शाळंत हुतं. तिला लागून तिचं घर, ताडाच्या झावळ्याचं कुंपान. शाळंची हीर आटल्याली, म्हनून पानी तिच्या हिरीचं. आमची पाळी लावल्याली पानी काढायची. तिचा नवरा दंगलीच्या वक्ताला जर्मनीला गेल्ता. ती आन म्हातारी सासू, दोघीच. पयल्यांदा बोलायची न्हाई. आमाला समदे भ्यायचे आन आमी समद्यांना भ्यायचो. मंग म्हातारी आजारी पडली, आमच्या डागतरनं गोळ्या दिल्या. तवापासनं बोलाया लागली. माझी पाळी नसली तरी मी जायचो. भाषा तिथंच आली, हिरीच्या काठाला."

"आन साडी तिनं घेतली," रतन म्हणाली.

त्यांनी चमकून बघितलं. "व्हय. तिनंच."

"काय बोलायचा तिच्याशी? दोन वर्स. पान्याचं किती बोलनार मानूस?"

"तुझ्याबद्दल."

रतनला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. मग ती पुढ्यातल्या खुर्चीत बसली. स्वतःचाच संताप तिला खोटा वाटला. आपण सकाळपासून कुठून कुठे गेलो, आणि हा माणूस परमुलखात, बंदुका रोखलेल्या असताना, विहिरीवर उभा राहून बायकोच्या आठवणी काढत होता. त्याला घरी येऊन सांगता आलं नाही, एवढंच. कुणाकुणाला नाही येत सांगता. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि थोड्या लाडिक स्वरात, जो तिच्या तोंडी फार वर्षांत आला नव्हता, विचारलं, "काय सांगायचा माझ्याबद्दल?"

आप्पासाहेब हसले. त्यांच्या चेहऱ्यावर तेच आलं जे सकाळी कॅन्टीनमध्ये आलं होतं. डोळे बारीक झाले, मान वाकडी झाली. "सांगायचो, माझी बायकू गाती. दळन दळताना गाती, पाटाला पानी धरताना गाती. तिचं केस गुडघ्याला लागत्यात. हसाया लागली की तोंडाला पदर लावती आन हसूं आवरत न्हाई म्हनून आत पळती. पालीला लई भ्याती. पाल दिसली की घर डोक्यावर घेती आन मला म्हनती, आदी तिला हाकला, मंगच मी सैपाकघरात पाऊल ठेवीन. तवमणीला ती पालीची गोष्ट लई आवडायची. परत परत सांगाया लावायची."

रतन ऐकत राहिली. तिचे केस कधी खांद्याखाली गेले नव्हते. लहानपणी टायफॉईडनं गेले ते गेलेच. पाल तिनं केरसुणीच्या एका फटक्यात किती मारल्या असतील याची गणती नव्हती. आणि गाणं. भजनात सुद्धा ती नुसती टाळी वाजवायची.

"मी कवा गायले?" ती म्हणाली.

"न्हाई गायली."

"मंग?"

"मला काय म्हायीत हुतं तुझं?" आप्पासाहेब म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज पुन्हा कोरडा व्हायला लागला होता. "लगीन झालं, घरात मान्सं, पोरीबाळी. तुझा आवाज सुदीक नीट ऐकला नव्हता मी. तोंडसुदीक नीट ध्यानात राह्यलं नव्हतं. ती रोज इचारायची, बायकू कशी हाय, काय खाती, काय बोलती. म्हायीत न्हाई म्हनायचं का? फौजेत समदे फोटू दाखवायचे, गोष्टी सांगायचे. मंग जुळवत गेलो. आज येक, उद्या येक. मंग जुळवत असल्याचं ध्यानातबी राह्यलं न्हाई. तीबी तिच्या नवऱ्याचं तसंच जुळवून सांगत असंल. मी काय इचारलं न्हाई."

रतनला हसू आलं. खरंच आलं, तोंडाला पदर न लावता. हा कसला प्रकार! मुलखावेगळा नवरा आणि मुलखावेगळी सवत. पण हसू लगेच थांबलं, कारण तिला पुढचा प्रश्न दिसला होता आणि तो विचारल्याशिवाय आता तिची सुटका नव्हती. सकाळपासून ती ज्याच्या भोवती फिरत होती ते तवमणी नव्हतंच.

"तुमाला आवडायची का?"

"तवमणी? न्हाई गं, तसलं काय—"

"ती न्हाई. ती तिकडची रतन. गानारी."

आप्पासाहेबांनी वाकून तुळशीची पिवळी पानं एक एक करून खुडली. खोटं बोलायला त्यांना पुरेसा वेळ मिळाला होता. "लई," ते म्हणाले.

मग तिला मिरजगावचा स्टँड आठवला. सोलापूरकडून आलेली एस्टी, धूळ, दीर सायकल धरून उभा, सासू लिंबलोण घेऊन घरी थांबलेली आणि आपण डोक्यावर पदर घेऊन दिराच्या मागे उभ्या. आप्पासाहेब ट्रंक घेऊन उतरले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि मग तिच्या मागे बघितलं. तिच्या खांद्यावरून, मागच्या बायकांकडे, उसाच्या रसाच्या गाड्याकडे, पार रस्त्याच्या वळणापर्यंत. तेव्हा तिला वाटलं होतं, लढाईवरून आलेल्या माणसाची नजर ठरत नाही. सगळे तसंच म्हणाले होते. आणि आज कळलं, ते शोधत होते. कुणीतरी न्यायला येणार होतं ते आलं नव्हतं, आणि जी आली होती तिला घेऊन घरी जायचं होतं, जन्मभर. ती स्वतःच्याच घरात दुसरी होती. पहिलीला त्यांनी दोन वर्षं रोज विहिरीवर उभं राहून मनासारखं घडवलं होतं, तिला गळा दिला होता, केस दिले होते, भीती दिली होती; आणि हिला ट्रंकेतून तिची साडी आणून दिली होती. म्हणजे युद्धानं काही मोडलं नव्हतं. युद्धानं त्यांना एक बायको दिली होती. तिच्यापुढे ही घरची, पाल मारणारी, भाकऱ्या थापणारी, उकलायला न जाणारी बाई कशी टिकणार? रतनला त्या तिकडच्या रतनचा भयंकर हेवा वाटला. आणि तिच्या झिंज्या उपटाव्यात तर तिला डोकंच नव्हतं. खालून भाजीवाला ओरडत गेला. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या झटकत होतं.

"मंग तवमणीचं काय झालं?" तिनं विचारलं. विचारायचं म्हणून नाही. त्या पोकळीत काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून.

आप्पासाहेब खाली बसले. खुर्चीत नाही, कठड्याला पाठ लावून जमिनीवर, गुडघे वर घेऊन. "शेवटच्या दिसात लई वाढलं. रातीचं कुंपनाआडनं फायरिंग व्हायची. हुकूम आला, ठान्याच्या भवतालची घरं खाली करा, झाडं तोडा, नजर लांब जायला पायजे. साहेबांनी मला बोलावलं. पलटनीत भाषा येनारा मी. म्हनले, जा, त्येंना सांग. सामान घ्या आन निघा." त्यांनी हाताचा पंजा पालथा करून बघितला. "मी कुंपनापाशी जाऊन सांगितलं. ती चूल पेटवत हुती. तिला वाटलं पानी न्यायला आलो. भाषा येत नसती तर दुसरा कुनी गेला असता, हातवारं करून सांगितलं असतं. म्हातारी आरडायला लागली. तवमणी काय बोलली न्हाई. गाठुडं बांधलं, म्हातारीला हाताला धरलं. जाताना माझ्याजवळ थांबली आन म्हनली, हे तुज्या बायकूला सांगू नको. लई हळवी हाय ती. रडत बसंल."

"म्हनून न्हाई सांगितलं?"

"तिला शब्द दिल्ता."

एवढंच कारण होतं. इतकं साधं आणि इतकं वेडं कारण. म्हातारी कुठे गेली असेल, ती बाई तिला घेऊन कुठल्या रस्त्याला लागली असेल, विहीर बुजवली की ठेवली, हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिला त्या परक्या बाईची दया आली, मायेसारखी दया. घरातून काढून लावणाऱ्या माणसाच्या बायकोची काळजी करत गेली ती. पण ती काळजीसुद्धा रतनची नव्हती. दुःख ऐकून रडायचा मानही तिकडच्या रतनचा. ही रतन रडली असती की नाही हे कुणी बघितलंच नव्हतं. तिच्या अंगावर एक काटा आला, रागाचा, स्वच्छ. सकाळपासून पहिल्यांदा तिला कळलं की राग कुणावर आहे आणि कशासाठी.

"तिनं रोज इचारलं, म्हनून तुमी जुळवून सांगितलं," ती म्हणाली. "तुमी मला कवा काय इचारलं?"

आप्पासाहेबांनी मान वर केली.

"आता इचारा," रतन म्हणाली. "खरी इथं बसलीय. ती बाई इचारायची तसं इचारा."

आप्पासाहेबांना ते जमेना. त्यांनी ओठ हलवले, घसा खाकरला, कुंडीतली सुकलेली काडी उपटली. मोठ्या पदावरच्या माणसापुढे जायच्या आधी करत तसा त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. ती थांबली. थांबायची तिला सवय होती, पण आजचं थांबणं वेगळं होतं; आज ते तिच्या हुकुमावरून चाललं होतं. शेवटी ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुला... भ्या कशाचं वाटतं?"

आणि रतनच्या ध्यानात आलं की उत्तर तिला माहीत नाही. पालीचं नाही, अंधाराचं नाही, मरणाचं तर नाहीच. आपल्याला कशाचीच भीती वाटत नाही, असं ती म्हणणार होती, तोंड उघडलंही होतं. आणि मग ते आतून वर आलं, तिनं न बोलावता. एकदा आल्यावर ते इतकं उघड होतं की ते रोज सोबत असूनही आपल्याला दिसलं कसं नाही, याचा तिला अचंबा वाटला.

"मिलट्रीच्या गाडीचं," ती म्हणाली. "तुमी लंकेत हुता तवा आपलं घर रोडच्या कडंला. सोलापूरकडं जानाऱ्या गाड्या. हिरवी गाडी आली, आन गावापाशी हळू झाली, की मला वाटायचं आता थांबंल. आता कुनीतरी उतरंल, टोपी काढंल. मांडवगनच्या एका पोराची मेल्याची खबर अशीच आल्ती. मी गोठ्यात जाऊन गाईच्या मागं उभी ऱ्हायाची, पदर तोंडात कोंबून. गाडी पुढं गेली की यायची. सासूबाई म्हनायच्या, शेन काढायला किती येळ."

"पर मी आलो की. मंग?"

"मंग काय? तुमी आलात, भ्या गेलं न्हाई. आन तुमी घर बांधलं भिंगारला. फौजेच्या अंगनात. दवाखाना जवळ, कॅन्टीन जवळ. रोज गाड्या जात्यात इथनं. गाडी हळू झाली की माझा हात थांबतो. परातीत पीठ असंल तर पिठात, सुई असंल तर सुईवर. पंचवीस वर्स. पुढं गेली की मंग सुरू करती." ती थांबली. तिचा आवाज तिला ओळखू येत नव्हता. तो खाली गेला होता आणि त्याला घाई नव्हती. "कालबी झालं. तुमी समोरच बसल्याला, पेपर वाचत."

आप्पासाहेब तिच्याकडे बघत होते. तिच्या खांद्यावरून मागे नाही, तिच्याकडे.

"आगं, मंग सांगायचं न्हाई का कवा?" ते म्हणाले.

"कुनाला?" रतन म्हणाली.